मेव्हणे, मासळी आणि दीपगृह

दापोली सोडली की गाडीतल्या प्रत्येकाला समुद्र दिसायला लागतो. खरा समुद्र अजून बराच लांब असतो, पण आसूदच्या उतारावर सुपारीच्या बागांमागचं निळं आभाळ पाहून मागच्या सीटवरून 'तो बघा!' अशी आरोळी येते. मुलं काचेला नाकं लावतात, बायका पर्समधून गॉगल काढतात, आणि गाडी चालवणाऱ्याला सगळे मिळून रस्ता दाखवायला लागतात, रस्ता एकच असला तरी. या वाटेवर थांबण्यासारखं पुष्कळ आहे. आसूदचा केशवराज आहे. श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' याच परिसरातला. जरा पलीकडे महर्षी कर्व्यांचं मुरूड. पण पुण्याहून घाट उतरून अंग आंबलेला माणूस केशवराजच्या पायऱ्यांचं नाव ऐकताच 'येताना बघू' म्हणतो. येताना डिकीत मासळी असते, आणि मासळी घेऊन देवळात कसं जायचं? कोकणातली कित्येक देवळं आमच्याकडून अशी 'येताना बघू'त राहून गेली आहेत.

हर्णै आधी नाकाला भेटतं, मग डोळ्यांना. सुकत घातलेली मासळी, डिझेल, ओली जाळी आणि खारं वारं यांचा मिळून एक वास आहे. गावात शिरताना काचा वर केल्या तरी तो आत येतो आणि निघताना काचा खाली केल्या तरी बाहेर जात नाही. वहिनींनी नाकाला पदर लावला. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या थोरल्या मेव्हण्यांनी, मात्र छाती भरून श्वास घेतला आणि 'सुरमई!' असं जाहीर केलं. मेव्हण्यांना मासळीतलं कळतं. म्हणजे ते जन्मले शनिवार पेठेत, वाढले शनिवार पेठेत. पण बँकेच्या नोकरीत मध्ये काही काळ त्यांची बदली माहीमला झाली होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी आमच्या सबंध गोतावळ्यात मासळीतले जाणकार म्हणून नाव कमावलं आहे. बाकीच्यांना बोंबील आणि मांदेली यांतला फरक सांगता येत नसल्यामुळे या पदासाठी दुसरा उमेदवार कधी उभाच राहिला नाही.

हर्णैला लोक येतात ते मासळीचा लिलाव आणि दीपगृह बघायला, आणि पंचाईत अशी की दोन्हींची वेळ संध्याकाळची. लिलाव सकाळीही होतो. पण सहलीला आलेलं एकत्र कुटुंब, एक न्हाणीघर आणि एक बंब हे गणित ज्याने सोडवलंय त्याला ठाऊक आहे, की सकाळी दहाच्या आत आपल्या देशात कोणीही कुठेही पोचत नाही. वहिनींचं म्हणणं, दीपगृह बंद होईल. मेव्हण्यांचं म्हणणं, मासळी संपेल. दोघंही आपापल्या परीने बरोबर असल्यामुळे भांडण रंगलं. शेवटी 'दीपगृह उद्याही तिथेच असेल' हा मेव्हण्यांचा मुद्दा वहिनींना खोडता आला नाही.

बंदर म्हणून जे दिसतं त्यात पहिली गंमत म्हणजे मोठ्या बोटी किनाऱ्याला लागतच नाहीत. पाणी उथळ. बोटी आत उभ्या, त्यांच्यावर रंगीबेरंगी झेंडे, आणि बोट ते किनारा हा प्रवास मासळीने छोट्या होडीतून आणि पुढे बैलगाडीतून करायचा. होय, बैलगाडीतून. समुद्रात पोटापर्यंत पाण्यात बैल उभे असतात. लाट येते, गाडीची चाकं हलतात, वरून टोपल्या रिकाम्या होतात, बर्फाचं पाणी पाठीवरून ओघळतं, आणि बैल मान वळवूनसुद्धा बघत नाही. चाकाची लोखंडी धाव खाऱ्या पाण्याने तांबूस झालेली. शिंगांना कोणीतरी हौसेने रंग लावलेला, त्याचे पोपडे निघालेले. नांगराला जुंपलेल्या त्याच्या देशावरच्या भाऊबंदांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही. सगळ्या किनाऱ्यावर मासळीच्या भावात रस नसलेला तेवढा एकच जीव. त्याच्याबरोबर सेल्फी काढायला मात्र रांग होती. लोक समुद्राकडे पाठ करून, बैलाच्या तोंडाशी तोंड नेऊन हसत होते आणि मागून येणारी लाट त्यांना कळत नव्हती. बैलाला कळत होती.

लिलाव हा प्रकार लांबून बघितला तर भांडण वाटतो आणि जवळून बघितला तर काय चाललंय तेच कळत नाही. वाळूवर मासळीचे ढीग पडतात, भोवती कोंडाळं होतं, एक जण आकडे म्हणत सुटतो, कोणी भुवई हलवतो, कोणी नुसता 'हूं' करतो, आणि तेवढ्यात कोंडाळं पुढच्या ढिगाकडे सरकलेलं असतं. मागे राहतो तो पर्यटक. त्याचं 'काय भाव?' तोंडातून निघेपर्यंत माल बर्फात जाऊन टेम्पोत चढलेला असतो. यात बायका कुठे मागे नाहीत. कमरेला पदर खोचून, दागिन्यांनिशी उभ्या असलेल्या कोळणी ढीगच्या ढीग उचलतात आणि तिथेच दहा पावलांवर बसून किरकोळीत विकायला लागतात. मेव्हण्यांनी एका ढिगाशी बूड टेकलं.

'या पापलेटचं काय घेणार?'

'विकलं, काका.'

'कधी?'

'तुम्ही चष्मा पुसत होता तेव्हा.'

मेव्हणे खचले नाहीत. पुढच्या कोंडाळ्यात कोपराने वाट काढून ते थेट आकडे म्हणणाऱ्याच्या समोर जाऊन उभे राहिले आणि बँकेतल्या आवाजात म्हणाले, 'एक मिनिट. आम्हाला यातले दोनच हवेत.' आकडे थांबले. व्यापारी थांबले. दोन पापलेटांसाठी अख्ख्या ढिगाचा लिलाव थांबवण्याची कल्पना त्या वाळूवर याआधी कोणाला सुचली नसावी. मग त्या माणसाने अत्यंत आदराने, वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं, हात लांब करून कोळणींची रांग दाखवली.

आम्ही ज्या मावशींसमोर बसलो त्यांनी प्लॅस्टिकच्या कागदावर वाटे मांडले होते. वाटा मांडणं ही कला आहे. खाली बारीक, वर भरीव, आणि सगळ्यात वरचा मासा गिऱ्हाइकाकडे डोळा करून ठेवलेला. मेव्हण्यांनी बैठक मारली.

'ताजं आहे ना?'

'बोट समोर हाय. तांडेल तिथं उभा हाय. विचारून या.'

तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण मेव्हण्यांना कल्ले बघायचे होते. ताज्या माशाचे कल्ले लालभडक, डोळे फुगीर, बोटाने दाबलं तर खड्डा राहत नाही, हा पाठ त्यांनी आम्हाला गाडीतच दिला होता. सुरमईपाशी तो चालला. पापलेटाची गोष्ट निराळी. त्याच्या कल्ल्याची फट इतकी चिंचोळी की मेव्हणे त्या माशाला उलटासुलटा करून दार शोधत राहिले. मावशींनी थोडा वेळ बघितलं, मग मासा त्यांच्या हातातून काढून घेतला, कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबला आणि दुधासारखं पाणी बाहेर आलं. 'ह्ये बघा. पांढरं आलं म्हंजे ताजं.' मेव्हणे म्हणाले, 'तेच बघत होतो.'

मग भाव. मावशींनी सांगितलेला आकडा ऐकून मेव्हण्यांनी निम्मा सांगितला. मावशींनी त्याला उत्तर देण्याऐवजी शेजारणीला तिच्या नातवाच्या तापाचं विचारलं. मेव्हणे थोडे वर आले. नातवाला डॉक्टरकडे नेलं होतं. मेव्हणे आणखी वर आले. गोळ्या दिल्यात, उतरेल म्हणाले. असं होता होता नातू बरा झाला तेव्हा मेव्हणे मूळ आकड्याच्या इतके जवळ पोचले होते की मावशींनाच दया आली. 'चला, ह्यो एक बांगडा वरती घ्या, काका. तुमच्यासाठी.' मेव्हण्यांचा चेहरा फुलला. भावात हरलेल्या गड्याला फुकट मिळालेला बांगडा म्हणजे पानिपतावरून परतताना सापडलेलं राज्य. तो बांगडा मावशींच्या गुडघ्याशी, आम्ही बसायच्या आधीपासून, वेगळा काढून ठेवलेला होता. हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. ओल्या नोटा मावशींनी अंगठ्याला पाणी न लावता मोजल्या आणि कमरेच्या पिशवीत खोचल्या.

पापलेट महाग का, यावर मेव्हण्यांनी परतताना खुलासा केला: 2023 साली सरकारने त्याला राज्य मासा केलं ना, म्हणून. वास्तविक त्याची संख्या घटत चालली, पिल्लंसुद्धा जाळ्यात येऊ लागली, म्हणून त्याला हा मान देऊन जपायचं ठरलं. आपल्या राज्याच्या मानचिन्हांत शेकरू आहे, हरियाल पक्षी आहे, ताम्हणाचं फूल आहे, ब्लू मॉर्मन फुलपाखरू आहे. या सगळ्या सन्माननीय मंडळींत रवा लावून तळला जाणारा हा एकटाच. मान मिळाल्याने त्याची तब्येत सुधारेल की भाव वाढेल, हे पुढे कळेल. तूर्त त्याची खरी सुट्टी म्हणजे 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंद असते ते 61 दिवस. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की उरलेले सगळे दिवस त्याची कामाला जायची वेळ.

दिवसांचा हिशेबही इथे आपला नाही. एका खलाशाला आमच्या धाकट्याने विचारलं, 'शनिवार-रविवारी जास्त मासे मिळतात का?' तो विचारात पडला. माशांना रविवार असतो हे त्याला नवीन होतं. त्याचं कॅलेंडर तिथीवर चालतं: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची ओढ मंद. आमच्या घरात तिथी फक्त वहिनींना ठाऊक, आणि त्याही उपासासाठी. खलाशाने 'आज काय, सप्तमी ना?' म्हटल्यावर वहिनींनी चटकन 'नाही हो, अष्टमी लागली दुपारी' असं सांगितलं, आणि सगळ्या सहलीत आमच्यापैकी एकाच माणसाबद्दल हर्णैकरांना आदर वाटला.

हर्णैला किल्ले चार. गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड किनाऱ्यावर, सुवर्णदुर्ग पाण्यात. फत्तेगड आता शोधावा लागतो, कारण त्याच्यावर कोळीवाडा वसला आहे. शासनाच्या निळ्या पाटीपेक्षा किल्ल्याची ही गत मला बरी वाटते. निदान कोणीतरी तिथे जेवतंखातं, भांडतं, जाळी दुरुस्त करतं. सुवर्णदुर्गाला होडीतून जायचं. दरवाजात पायरीवर कासव कोरलंय, भिंतीत मारुती आहे. हे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, आणि पुढे तुळाजींचं. तुळाजी पेशव्यांना जुमानेनात, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला आणि एप्रिल 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने समुद्रातून तोफा डागून किल्ला पाडाव केला. दारूचं कोठार उडालं, मग किनाऱ्यावरचे तिघेही धाकटे किल्ले गप्प झाले. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाजवळ आंग्र्यांचं आरमार जळालं. घरच्या भावकीचं भांडण सोडवायला बाहेरचा वकील आणला की पुढे काय होतं, हे कोकणातल्या माणसाला कोर्टाच्या तारखांवरून माहीत असतं. पेशव्यांना ते सांगायला कोणी गेलं नाही.

या जेम्ससाहेबाची गोष्ट इथे संपत नाही. तो पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि 1783 मध्ये वारल्यावर त्याच्या बायकोने लंडनच्या शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या आठवणीला तीन बाजूंचा विटांचा एक बुरूज उभारला. 1784 सालचा. नाव दिलं 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, साहेबाच्या दातांत अडकून बाहेर पडलेला. तो बुरूज अजून आहे, दुरुस्त केलेला आहे, आणि त्यात चहाचं दुकान आहे. मेव्हण्यांना हे सांगितल्यावर ते खऱ्या सुवर्णदुर्गाकडे बघत म्हणाले, 'बघ. इथे साधा वडापाव नाही.'

दुसऱ्या दिवशी वहिनी वेळेच्या कितीतरी आधी कनकदुर्गाच्या पायऱ्यांशी जाऊन बसल्या. गड छोटा, तिन्ही अंगांना समुद्र. पाण्याची टाकी आहेत, बुरुजाचे अवशेष आहेत, बाकी सगळं दीपगृह. मेव्हण्यांना मधेच थांबून दम घ्यायचा होता, पण तसं म्हणायचं नव्हतं, म्हणून ते मोठ्याने पाटी वाचायला लागले. पाटी सरकारी हिंदीत होती: दीपस्तंभ आणि दीपपोत महानिदेशालय, त्याखाली मंत्रालयाचं नाव. एवढं सगळं वाचून होईपर्यंत भल्याभल्यांचा श्वास जागेवर येतो. ही सोय हेतुपुरस्सर असेल तर त्या खात्याचं कौतुक आहे.

दीपगृह कुठलंही असो, गोल जिन्याच्या शेवटी एक लोखंडी शिडी असतेच, आणि तिच्या खालच्या पायरीशी एक वहिनी 'मी इथूनच बघते' म्हणत उभ्या असतात. आमच्याकडे हा प्रकार मेव्हण्यांनी केला. वहिनी सरसर वर गेल्या. तिथल्या कर्मचाऱ्याला रोज जे प्रश्न विचारले जातात ते आमच्या पुढच्या कुटुंबाने विचारून टाकले: वर नेटवर्क येतं का, रात्री राहायला मिळतं का, आणि दिवा आत्ता लावून दाखवता का. शेवटच्या प्रश्नाला त्याने नम्रपणे 'अंधार पडल्यावर लागतो' असं सांगितलं. 'मग आम्ही अंधार पडल्यावर येतो.' 'तेव्हा बंद असतं.' दीपगृह बघायचं उजेडात आणि दिवा लागायचा अंधारात, ही पर्यटनातली अडचण जगभर आहे.

वहिनींचा प्रश्न निराळा होता. भिंगाभोवती पडदे कशाला? तो माणूस खूश झाला. म्हणाला, हे भिंग दिव्याचा उजेड गोळा करून समुद्रावर फेकतं. दिवसा ऊन उलट बाजूने आत शिरलं तर तेच भिंग ते ऊन आतल्या दिव्यावर गोळा करील आणि आग लागेल. म्हणून सूर्य उगवला की पडदे. त्याने पडद्याची कड जरा बाजूला केली. काचेची वर्तुळं, एकात एक, कडा तासलेल्या, त्यांतून वहिनींचा चेहरा चार ठिकाणी उलटा दिसत होता. आत बघतो तर दिवा तो केवढा! आमच्या दिवाणखान्यातलं झुंबर याहून मोठं आहे. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने 1823 साली फ्रान्सच्या कॉर्दुआँ दीपगृहात असलं भिंग पहिल्यांदा बसवलं, तेव्हापासून दिवा लहान आणि करामत काचेची. तो उजेड कुठवर पोचणार याला पृथ्वीची गोलाईही आडवी येते: समुद्रापासून 25 मीटर उंचीवरचा दिवा पाण्यालगतच्या डोळ्याला साधारण 10 सागरी मैलांनंतर क्षितिजाखाली जातो. म्हणून दीपगृहं डोंगरावर बांधतात. निम्मी उंची डोंगर फुकट देतो.

'आणि उघडझाप का करतो?' वहिनींनी विचारलं. खालून शिडीपाशी मेव्हण्यांचा आवाज आला, 'लूज काँटॅक्ट असणार.' कर्मचाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, ती नकाशात आणि पुस्तकात छापलेली असते. तांडेलाने सेकंद मोजले की हे हर्णै की दुसरं कुठलं ते कळतं. सगळ्यांनी सारखेच डोळे मिचकावले असते तर बोटी भलत्याच गावाला लागल्या असत्या. आता बोटीबोटीत जीपीएस आहे, मग याचा उपयोग काय, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, 'जीपीएसची बॅटरी जाते, साहेब. तेव्हा सगळे इकडेच बघतात.'

वरून सगळं दिसतं: सुवर्णदुर्ग, आत उभ्या बोटी, वाळूवर लिलावाचं कोंडाळं. ते दीपगृह आपल्यासाठी नाही हेही तिथूनच ध्यानात येतं. कित्येक ठिकाणी दिव्याची जमिनीकडची बाजू झाकूनच टाकतात. गावातल्या माणसाला उजेड दाखवून करायचं काय? हर्णैत सगळ्यांचंच तोंड समुद्राकडे. बैलांचं, बोटींचं, दिव्याचं, संध्याकाळी वाट बघणाऱ्या बायकांचं. पाठ फक्त आमची, कारण फोटोत मागे समुद्र यायला लागतो. वहिनींनी मात्र एकही फोटो न काढता कठड्याला हात टेकून बराच वेळ बघितलं आणि खाली येऊन नवऱ्याला म्हणाल्या, 'मासळी आजही तिथेच आहे.' मेव्हण्यांना हा टोमणा कळला, पण ते आधीच किनाऱ्याकडे निघाले होते.

खानावळीत आदल्या रात्री आमचीच मासळी आम्हाला तळून मिळाली होती, वहिनींना शेजारच्या ब्राह्मणाळीत उकडीचे मोदक. त्या सुरमईच्या भरात मेव्हण्यांनी घरी न्यायला थर्माकोलचं खोकं भरून घेतलं. खोकं गळत नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. दापोलीच्या चढावर बर्फाने आपलं मत दिलं, आणि ते मागच्या सीटखालून पुढच्या सीटपर्यंत सगळ्यांच्या पायांना समजलं. केशवराज आला तसा गेला. कोणी तोंडातून चकार शब्द काढला नाही, कारण तोंड उघडलं की वास आत जायचा.

पुण्यात आल्यावर पुढच्याच रविवारी मेव्हणे मला घेऊन मासळी बाजारात गेले. आता ते नुसते जाणकार राहिलेले नाहीत. प्रत्यक्ष बंदर बघून आलेले जाणकार आहेत. ओट्यावरचा पापलेट त्यांनी उचलला, कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबला, काहीच बाहेर आलं नाही, आणि चढ्या आवाजात मासळीवाल्याला विचारलं, 'बोट कुठाय? तांडेल कुठाय?' त्याने सुरी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, 'टेम्पोवाला चहाला गेलाय, काका. त्याला बोलावू?'